पट्टा आपल्या चालीने चालवा

आपल्या वाचकांपैकी अनेकांचे कोणी ना कोणी गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात राहते. काका गिरणीत होते, मावशी चाळीत राहिली, अशी नाती. या मंडळींना ‘ट्रेडमिल’ हा शब्द बहुधा पहिल्यांदा इस्पितळात भेटतो. छातीत जड वाटते म्हणून डॉक्टर कागदावर ‘टीएमटी’ लिहून देतात, छातीला तारा लावून माणसाला सरकत्या पट्ट्यावर चालवतात आणि तो घामाघूम होऊन उतरतो. आता तेच यंत्र घराखाली आले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच इमारतींतील नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. लालबाग-परळमध्येही चाळींच्या आणि गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत व्यायामाची खोली असते. चाळीत जिना होता, लांबलचक गॅलरी होती, पाण्यासाठी हेलपाटे होते. लिफ्टच्या घरात हे चालणे संपते, वजन वाढते आणि मग पन्नाशीतले गृहस्थ एके दिवशी नवे बूट घालून पट्ट्यावर चढतात.

चढतात ते मात्र टीएमटी दिल्यासारखे. आमचा आक्षेप आहे तो इथे.

टीएमटी हा व्यायाम नव्हे, ती परीक्षा आहे. सर्वत्र रूढ असलेली तिची पद्धत अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ च्या सुमारास बसवली. पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने, पण १० टक्के चढावर सुरू होतो. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. हृदयाला मुद्दाम दमवायचे आणि दमल्यावर त्याचा आलेख कसा दिसतो ते पाहायचे, हा तिचा हेतू. शेजारी डॉक्टर उभे असतात, काही बिघडले तर उपाय हाताशी असतो. टॉवरच्या तळमजल्यावर यातले काहीच नसते. तिथे दर दोन मिनिटांनी बटण दाबून वेग वाढवणे आणि शेजारच्या पट्ट्यावरच्या पंचविशीतल्या मुलाशी स्पर्धा करणे, हे धाडस ठरते. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो, हे इथे ध्यानात घ्यावे. आणखी एक गैरसमज असा की टीएमटी ‘निगेटिव्ह’ आली म्हणजे वर्षभराचा परवाना मिळाला. तसे नाही. ती तपासणी त्या दिवसाची बातमी देते, पुढची हमी देत नाही.

मग सुरुवात कशी करावी? चाळिशी उलटली असेल आणि आजवर व्यायाम नसेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, सिगारेट, घरात हृदयविकार यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना भेटावे. पहिल्या दिवशी पट्टा बंद असताना दोन्ही कडांवर पाय ठेवून उभे राहावे, लाल दोरीचा चिमटा सदऱ्याला लावावा (पडल्यास पट्टा थांबतो तो त्यामुळेच, बहुतेक जण तो नुसता लोंबत ठेवतात), आणि पट्टा अगदी हळू सुरू झाल्यावरच त्यावर पाऊल टाकावे. चढ शून्य. पाच मिनिटे ताशी तीन किलोमीटर, मग दहा मिनिटे चार किंवा जमल्यास साडेचार, शेवटी पाच मिनिटे पुन्हा तीन. पहिल्या आठवड्यात एवढे पुष्कळ झाले. पुढे आधी मिनिटे वाढवावीत, नंतर वेग, चढ सर्वांत शेवटी. धावण्याचा विचार दोन-तीन महिन्यांनी करावा, आणि कधीच केला नाही तरी काही अडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते. त्यात भरभर चालणे बसते.

वेग योग्य आहे की नाही हे यंत्राला विचारू नये. चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, हे माप उत्तम. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, तेव्हा पडद्यावरचा नाडीचा आकडा फसवतो. बोलण्याचे माप फसवत नाही. उष्मांकाचा आकडाही अंदाजाचाच असतो, त्याच्या भरवशावर वडापाव खाऊ नये. दांडीला लोंबकळून चालल्यास अर्धे श्रम हातावर जातात आणि पाठ वाकते. तोल जात असेल तर दांडी हलकेच धरावी आणि वेग कमी करावा. एकदम थांबू नये. रक्त पायांत साचते आणि उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखले, वाजवीपेक्षा जास्त धाप लागली, तर मात्र वेग उतरवून लगेच थांबावे आणि डॉक्टर गाठावा. ‘गॅस असेल’ म्हणून आणखी दहा मिनिटे ओढू नयेत.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांना शिक्षा म्हणून पायांनी फिरवायची चक्की होती, तिलाच ट्रेडमिल म्हणत. ज्यांचे वडील गिरणीत यंत्राच्या गतीने आयुष्यभर राबले, त्यांनी आता पैसे भरून पुन्हा यंत्राच्या गतीने का धापा टाकाव्यात?

दादरकरांना तर शिवाजी पार्कचा कट्टा आहे. त्याची एक फेरी सुमारे बाराशे मीटरची, आणि फुकट. गिरगावकरांना चौपाटी आहे. लालबागच्या पदपथांवर मात्र फेरीवाले आणि खोदकाम यांतून वाट काढत भरभर चालणे अवघड, शिवाय जून ते सप्टेंबर पाऊस. तिथे पट्टा खरोखर कामाचा. गुडघे दुखणाऱ्या, अंधारात पडायची भीती असलेल्या वृद्धांनाही तो सपाट आणि सोयीचा. मधुमेह्यांनी मात्र अनवाणी चढू नये, आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. फोड आला असेल तर तो बरा होईपर्यंत पट्टा बंद.