जुनी दुनळी बंदूक घेताना



भुईमूग भरू लागला, मक्याला कणसे धरली, की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. माळ्यावर रात्री जागून काढाव्या लागतात आणि मग बंदुकीचा विचार मनात येतो. नवी बंदूक परवडत नाही. अशात कोणी सांगते की शेजारच्या गावी एका घरात आजोबांच्या वेळची दुनळी बाराबोर पडून आहे, स्वस्तात मिळेल.

बंदूक जुनी म्हणजे वाईटच, असे मुळीच नाही. नीट राखलेली बंदूक दोन-तीन पिढ्या काम देते. पण पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा हा व्यवहार करू नये. बैल घेताना आपण दात, खांदा, खूर पाहतो, चालवून पाहतो. बैल खोडीचा निघाला तर पैसे जातात. बंदूक खोडीची निघाली तर ती त्या वेळी आपल्या गालाला लागलेली असते आणि डावा हात नळीखाली असतो.

आधी कागद

प्रथम आपला परवाना वाचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी मुख्यतः ठासणीची बंदूक धरलेली आहे. तिने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. तेव्हा परवान्यावर जे लिहिले असेल तेच घ्यावे.

विकणाऱ्याचा परवाना चालू आहे का ते पाहा. मूळ मालक वारला असेल, तर वारसांनी बंदूक कायदेशीरपणे आपल्या नावे करून घेतली आहे का, किंवा पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली आहे का, हे विचारा. खाजगी विक्री करताना विकणाऱ्याने घेणाराच्या नाव-पत्त्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून निदान ४५ दिवस थांबावे लागते. बंदुकीवरचा नंबर कागदाशी जुळलाच पाहिजे. नंबर घासलेला असेल, तर तिथूनच मागे फिरा.

एखाद्या घरी एका नळीची, आपोआप भरली जाणारी बंदूक निघते. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने १९०० साली पेटंट घेतलेली आणि बेल्जियममध्ये बनू लागलेली अशी बंदूक नावाजलेली आहे. परंतु अर्धस्वयंचलित शस्त्रे आपल्याकडे निर्बंधित गटात येतात. साध्या परवान्यावर ती घेता येत नाहीत. कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. नळी कापून आखूड केलेल्या बंदुकीलाही हात लावू नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे.

मग बंदूक

बंदूक हातात येताच ती उघडून दोन्ही घरे रिकामी आहेत याची स्वतः खात्री करा. 'रिकामीच आहे' या शब्दावर विसंबू नका.

नळ्या वेगळ्या करून उजेडाकडे धरा आणि आतून पाहा. आत उजेडाची सरळ, गोल कडी दिसली पाहिजेत. कुठे काळी कडी आडवी दिसली, तर तिथे नळी फुगलेली असण्याचा संभव असतो. तिथेच बाहेरून बोटे फिरवा, फुगवटा किंवा पोचा हाताला लागतो. फुगलेली नळी घेऊ नये. गंजाचे खड्डेही पाहा. काडतूसघराजवळचे खोल खड्डे सर्वांत वाईट, कारण दाब तिथेच अधिक असतो.

मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसेच नळ्यांचे करावे. खालच्या हुकात दोरी अडकवून नळ्या लोंबत्या धरा आणि लाकडाने हलके ठोका. घंटेसारखा नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली असू शकते.

आता पुढचे लाकूड काढून बंदूक जोडा, बंद करा आणि दस्त्याच्या मानेला धरून हलवा. नळ्या खडखडता कामा नयेत. नळीचे बूड आणि मागची भिंत यांच्यामधून उजेड दिसला, तर जोड झिजलेला आहे. अशी बंदूक काडतुसाचा दाब नीट झेलत नाही.

चाप ओढण्यापूर्वी घरात नकली काडतुसे घाला. मग रिकामी बंदूक चढवून दस्त्याचे बूड गोणपाटावर हलकेच आपटा. घोडा आपोआप पडला तर कुलूप बिघडले आहे. बांधावरून उडी मारताना अशीच बंदूक उडते. शेवटी दस्त्याची मान तपासा. तिथली चीर तार गुंडाळून झाकलेली असते.

काडतुसाची लांबी

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जुन्या विलायती बंदुकांचे काडतूसघर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आज मिळणारी बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडून तोंड उघडल्यानंतरची असते. म्हणून ७० चे काडतूस ६५ च्या घरात सहज बसते आणि आपण फसतो. उडताना त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते आणि दाब वाढतो. नळीखालचे शिक्के वाचून घराची लांबी पाहा आणि तेवढ्याच लांबीची काडतुसे घ्या.

नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल, तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, बहुधा काळ्या दारूच्या काळातली नळी असते. ती शोभेला ठेवावी, आजची काडतुसे तिच्यात घालू नयेत. बर्मिंगहॅमच्या मोठ्या कारखान्याचे नाव पाहून भुलू नका. नाहीतर नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत व्हायची.

हे सारे पाहिल्यावरही पैसे देण्यापूर्वी बंदूक परवानाधारक कारागिराला दाखवा. विकणारा त्याला तयार नसेल, तर सौदा मोडा.

घरी आणल्यावर

बंदुकीचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याला मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. नुसता बार काढून हुसकावायचे असेल, तर हवेत, वस्तीच्या विरुद्ध दिशेला काढावा. लग्ना-वरातीत बार काढणे तर २०१९ च्या दुरुस्तीने गुन्हाच ठरले आहे.

बंदूक एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. किल्ल्या कोणाकडे राहतील, हे घरातल्या मालकिणीलाही विचारून ठरवा. पोरे कुठे हात घालतात, हे तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. ज्या घरात दोन कुलपांची सोय नाही, त्या घराने यंदा बंदूक घेऊ नये. आधी पेटी करून घ्यावी.