दर्या शांत झाला तरी

श्रावणातली पौर्णिमा आली, की आपण पुन्हा दर्यापुढे उभे राहतो. सोनेरी कागदात मढवलेला नारळ लाटांवर सोडला जातो, पावसाळाभर किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्या रंगरंगोटी होऊन पाण्याची वाट पाहू लागतात, घराघरांत नारळीभाताचा दरवळ सुटतो. आणि पिसाळलेल्या सागराने आता शांत व्हावे, आपली माणसे सुखरूप आणावीत, असे गाऱ्हाणे घातले जाते. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे गाऱ्हाणे सागर बहुधा ऐकतोही. १९१४ साली मात्र ही पौर्णिमा आली ती ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारले त्याच आठवड्यात, आणि समुद्र निवळत असतानाच त्यावरून येजा करणाऱ्या माणसांपुढे वेगळेच संकट उभे राहिले.

महिन्याभरानंतरची गोष्ट. ‘इंडस’ नावाचे मालवाहू जहाज कलकत्त्याहून आपल्या मुंबईकडे निघाले होते. मुंबईत लष्कराचा भार चढवायचा, म्हणून त्याच्या डेकवर घोड्यांसाठी तबेले ठोकलेले होते. घोडे अजून यायचे होते. १० सप्टेंबरला बंगालच्या उपसागरात ‘एम्डन’ या जर्मन क्रूझरने त्याला गाठले. एम्डनला तीन धुराडी. पण ब्रिटिश युद्धनौकेचा भास व्हावा म्हणून तिने चौथे, खोटे धुराडे उभारले होते. कॅप्टन कार्ल फॉन म्यूलरने इंडसवरच्या माणसांना दुसऱ्या जहाजावर उतरवून घेतले, उपयोगी सामान काढून घेतले, मग जहाजाच्या तळाच्या झडपा उघडून आणि तोफा डागून ते बुडवले. त्या लुटीत जर्मन खलाशांना सर्वाधिक आनंद झाला तो साबणाचा! कित्येक दिवस कोळशाच्या काळोखीत वावरणाऱ्या त्या पोरांना पेटीभर वड्या दिसल्या तेव्हा काय वाटले असेल, हे आपल्याला सहज कळते. तरीही त्या वड्या ज्यांच्या हाती पडायच्या होत्या, त्यांच्यापर्यंत त्या पोहोचल्या नाहीत.

पुढच्या चार दिवसांत आणखी पाच जहाजे गेली. त्यांतले ‘डिप्लोमॅट’ तर चहाने भरलेले होते. ‘काबिंगा’ तेवढे वाचले, कारण त्यातला माल अमेरिकेचा होता आणि अमेरिका तेव्हा तटस्थ होती. पकडलेल्या जहाजांवरची माणसे त्याच काबिंगावर चढवून म्यूलरने सोडून दिली. शत्रूनेही त्याच्या या दिलदारीची वाखाणणी केली, आणि ती रास्तच होती. पण त्या दिलदारीच्या गोष्टी सांगता-सांगता आपल्याला बुडालेल्या जहाजांचा विसर पडतो, हे काही बरे नव्हे. शिवाय तसला शत्रू पुन्हा भेटेलच, याची हमी कोण देणार? १९१७ साली ‘वोल्फ’ या दुसऱ्या जर्मन युद्धनौकेने व्यापारी जहाजाचे सोंग घेऊन मुंबईच्या तोंडाशी सुरुंग पेरले आणि चालती झाली. काही महिन्यांनी, भर पावसाळ्यात, ‘मोंगोलिया’ हे टपाल-प्रवासी जहाज त्यांतल्याच एकावर आदळून मुंबईच्या दक्षिणेला बुडाले. सुरुंगाला कुठली आली दयामाया?

या जहाजांवर कोण असे? वर डेकवर सारंग आणि टंडेल, खाली भट्टीपाशी आगवाले आणि कोळसेवाले, मुदपाकखान्यात भंडारी. कंपन्यांच्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी होते, गोव्याचे बटलर आणि कारभारी होते, सिल्हेटचे आणि पंजाबचे आगवाले होते. पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत तुटपुंजा. हाती बंदूक नाही, लढाई आपली नाही, माल दुसऱ्याचा. तरी नांगर उचलायची वेळ झाली की ही माणसे आपापल्या जागी हजर असत.

मुंबईत मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही, अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या हजारोंच्या नावांची नोंदही तिथे जपली आहे. मालवाहू ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत किती मुंबईकर तिथवर पोहोचतात? दक्षिण मुंबईतल्या पुतळ्यांची यादी आपल्याला पाठ असते, या नावांमधले एकही नसते.

आणि हे सगळे इतिहासजमा झाले म्हणावे, तर २६ जानेवारी २०२४ आठवावी. आपण ध्वजवंदन करून घरी परतलो त्याच दिवशी एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळले. जहाजावर बावीस भारतीय होते. ‘आयएनएस विशाखापट्टणम’चे अग्निशमन पथक चढले आणि जहाजावरच्या मंडळींच्या जोडीने ती आग आटोक्यात आली. मालवाहू जहाजांवर आजही आपल्याच गावांतली पोरे चढतात, परक्या ध्वजाखाली, परक्याच मालासह. तेव्हा यंदा नारळ अर्पण झाला, की किनाऱ्यावरच्या शाळांनी मुलांना एकदा मशीद बंदरला न्यावे, आणि आपल्या तालुक्याची नावे त्यांनाच शोधू द्यावीत.