भूल नाही, म्हणून विमा नाही

एक औषध पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही जे नैराश्य हटत नाही, त्यावरील चुंबकीय मेंदू-उद्दीपनाला अमेरिकेने २००८ मध्येच मान्यता दिली. रुग्ण काशीच्या ब्रह्मा घाटावरचा असो वा पुण्याचा, हा उपचार आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे घ्यावा लागतो. भूल लागत नाही, रोज घरी परतता येते. आणि नेमके हेच विम्याच्या आड येते! विम्याच्या प्रचलित व्याख्येनुसार एकतर २४ तास दाखल व्हावे, नाहीतर उपचार भूल देऊन केलेला असावा. त्यामुळे विद्युत-उपचार नियमात बसतो, चुंबक बसत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २१(४) मात्र मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच निकषांवर विमा द्यायला सांगते. विमा नियामकाच्या २०१९च्या आधुनिक उपचारांच्या यादीत मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. कवटी न उघडणाऱ्या उपचाराचे नाव त्याच यादीत घालावे, एवढीच मागणी आहे.