कुंडीतला मोगरा आणि ट्रंकेतली रंगपेटी

जानेवारीचा शेवटचा आठवडा. इंदूरमधल्या एका फ्लॅटमध्ये पन्नाशीला टेकलेली एक गृहिणी गॅलरी आवरत होती. कोपऱ्यात मोगऱ्याची कुंडी होती. सासूबाईंनी वर्षानुवर्षं जपलेली. दिवाळीनंतर सासूबाई गेल्या आणि कुंडीकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. पानं पिवळी पडून गळली, नुसत्या काटक्या उरल्या. तिने कुंडी उचलून दाराबाहेर ठेवली, कचरेवाला नेईल म्हणून.

‘‘अगं, आईची कुंडी आहे ती,’’ नवरा म्हणाला.

‘‘अहो, पण झाड वाळलंय. आणि आता रोज पाणी तरी कोण घालणार?’’

तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी खालच्या बागेतल्या माळ्याला वर घेऊन आला. माळ्याने एका काटकीची साल नखाने किंचित खरवडली. आत हिरवं होतं! म्हणजे झाड जिवंत होतं. थंडीत मोगरा असाच मलूल होतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. कुंडीची सगळी काळजी सासूबाईंचीच होती ना!

माळ्याने वाळक्या फांद्या काढल्या, उरलेल्या एकतृतीयांश छाटल्या. वरची माती सैल करून त्यात दोन मुठी शेणखत मिसळलं. काही दिवस पाणी बेताचंच घाला, ऊन वाढलं की भरपूर घाला आणि कुंडीला दिवसातले पाच-सहा तास ऊन मिळू द्या, असं बजावून तो गेला. मोगऱ्याला फुलं येतात ती नव्या फुटीवर. म्हणून ही छाटणी थंडी संपतासंपता करायची असते. ती टाळली तर झाड नुसतं वाढतं, फुलत नाही.

फेब्रुवारीत कोंब फुटले. मार्च संपतासंपता कळ्या दिसू लागल्या.

सासूबाईंची एक सवय होती. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या खुडायच्या, दोन माठात सोडायच्या, उरलेल्या देवापुढे ठेवायच्या. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी सुनेने तेच केलं. रात्री जेवताना नवऱ्याने पाण्याचा घोट घेतला आणि तो क्षणभर थांबला. दोघंही काही बोलले नाहीत. पण त्या रात्री घरात कुणीतरी परत आल्यासारखं वाटलं.

या वयात आता काय?

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. सकाळी कळ्या मोजायला म्हणून ती गॅलरीत जाऊ लागली. मोजता मोजता पाहू लागली. पांढरं फूल पांढरं नसतंच, हे तिच्या ध्यानात आलं. देठाजवळ हिरवट झाक, पाकळीच्या सावलीत निळसर, शिळ्या फुलावर जांभळट तपकिरी. हे कागदावर उतरवता येईल का, असा विचार मनात आला आणि तिचं तिलाच हसू आलं.

नागपूरला शाळेत असताना तिने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. लग्नात रंगपेटीही सोबत आली. मग मुलांच्या शाळा, पाहुणे, आजारपणं. रंगपेटी ट्रंकेत गेली ती गेलीच. आता मुलगा नोकरीसाठी बंगळूरला, मुलगी सासरी. वेळच वेळ होता. पण ‘या वयात आता काय?’ हा प्रश्न वाटेत उभा होता.

हा प्रश्न किती जणींना पडत असेल! त्यांनी मेरी डिलेनी या इंग्रज बाईंची गोष्ट जरूर ऐकावी. त्यांचा जन्म 1700 सालचा. 1768 मध्ये पतीचं निधन झालं. पुढे त्या आपल्या मैत्रिणीकडे, पोर्टलंडच्या डचेसकडे बराच काळ राहत असत. डचेसना झाडाफुलांचा मोठा नाद. एक दिवस जिरॅनियमच्या फुलाचा रंग आणि जवळच पडलेल्या लाल कागदाचा रंग अगदी सारखा असल्याचं डिलेनीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी कात्री घेतली, कागदाच्या पाकळ्या कापून चिकटवल्या. डचेसना त्या खऱ्या फुलाच्याच पाकळ्या वाटल्या, असं सांगतात.

तेव्हा बाईंचं वय होतं 72 वर्षं. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे चिकटवून सुमारे एक हजार फुलझाडं साकारली. 1782 मध्ये नजर साथ देईना, तेव्हाच त्या थांबल्या. त्यांचा हा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडेही फुलांनी माणसांना असंच वेड लावलं आहे. बादशहा जहांगीर 1620 मध्ये काश्मीरला गेला, तेव्हा तिथल्या फुलांनी इतका मोहून गेला की, त्याने उस्ताद मन्सूर या दरबारी चित्रकाराकडून शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढून घेतल्याचं स्वतःच्या आठवणींत नमूद केलं आहे.

डिलेनीबाईंच्या हाती कात्री होती, मन्सूरच्या हाती कुंचला. पण दोघांच्या कामाची सुरुवात एकच, फुलासमोर बसून ते नीट पाहणं. आणि त्यासाठी ना पैसा लागतो, ना वयाची अट.

पाहिलं तर दिसतं

आपल्या या गृहिणीनेही ट्रंक उघडली. रंगांच्या वड्या तडकल्या होत्या. तिने मुलाच्या कंपासपेटीतली पेन्सिल आणि एक जुनी डायरी घेतली. रोज सकाळी चहा झाल्यावर पंधरा मिनिटं आणि एकच फूल, असा नेम केला. पहिला मोगरा फुलकोबीसारखा आला! नवरा हसला, तीही हसली. पण नेम मोडला नाही.

काढायला बसलं की रोजच्या फुलांची गुपितं उलगडतात. जास्वंदीच्या मधल्या लांब दांड्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात. बोगनवेलीचा गुलाबी रंग पाकळ्यांचा नसून पानांचाच असतो; खरं फूल म्हणजे आतली ती इवलीशी पांढरट नळी. आपण ज्याला एक सूर्यफूल म्हणतो, ती असंख्य चिमुकल्या फुलांची दाटी असते. गुलबक्षी उन्हं कलल्यावर उमलते, तर चिनी गुलाब ऊन चढल्यावर उघडतो आणि दुपारनंतर मिटू लागतो. मे महिन्यात ज्याचा लाल चेंडू अचानक वर येतो, त्या कंदाचं वर्षातल्या इतर दिवसांत फूलच दिसत नाही.

महिनाभरात तिच्या घरात नवे नमुने दिसू लागले. दाराशी ठिपक्यांच्या जागी सदाफुलीची पाच पाकळ्यांची रांगोळी आली. उशीच्या अभ्र्यावर साखळी टाक्याने मोगऱ्याची फांदी उमटली, कळ्यांसाठी गाठी टाका. सुट्टीत आलेल्या नातीला तिने गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात घालून निळं पाणी करून दाखवलं आणि त्यात लिंबू पिळलं. पाणी जांभळं, मग गुलाबी! नातीने दुपारभर त्याच रंगांनी कागद रंगवले. त्या दुपारी टीव्ही बंदच राहिला.

तुमच्याही गॅलरीत

उन्हाळ्यात कुठली फुलं येणार, असं म्हणून हात झाडू नका. कडक ऊन सोसणारी फुलं पुष्कळ आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये झिनियाचं बी पेरलं की साधारण दोन महिन्यांत फुलं येतात. चिनी गुलाबाची बोटभर काडी मातीत खोचली तरी जगते. सदाफुली तर विसरलं तरी रागावत नाही.

पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर घाला, भर दुपारी नको. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंड्यांना चालतं. मातीवर वाळक्या पानांचा थर दिला की ओल टिकते. पश्चिमेचं ऊन फारच होरपळवत असेल तर जुन्या सुती साडीचा आडोसा करा.

फुलं जपून ठेवायची असतील तर एकेरी पाकळ्यांची निवडा. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जड पुस्तकं ठेवा, सुरुवातीला एक-दोन दिवसांआड कागद बदला. दोन-तीन आठवड्यांत ती सुकतात. राखीच्या पाकिटासाठी, वाढदिवसाच्या पत्रासाठी यापेक्षा सुंदर सजावट कुठली?

जूनमध्ये पहिला पाऊस पडला, तोवर त्या डायरीत बेचाळीस फुलं जमली होती. निम्मी बिघडलेली, काही बरी, दोन-तीन खरोखर छान. नवरा पानं उलटत शेवटच्या मोगऱ्यापाशी थांबला.

‘‘हे आईला दाखवायला हवं होतं गं,’’ तो म्हणाला.

तिने डायरी त्याच्या हातून घेतली आणि जानेवारीच्या पानावर लिहून ठेवलं, ‘मोगरा छाटायचा. माळ्याला बोलवायचं नाही, स्वतः छाटायचा.’