आमची वंशावळ रद्दीवाल्याकडे

परवा शनिवारी दादरला मित्राकडे गेलो होतो. त्याच्या काकांनी कौतुकाने घराण्याचा कुलवृत्तान्त पुढ्यात ठेवला. जाडजूड ग्रंथ. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, कोण कुठे कारकून होता... सगळं आहे. मी विचारलं, "काका, यात तुमची आजी कुठाय?" बरीच पानं उलटल्यावर सापडली. कंसात, सासरच्या नावाने. माहेरचं नाव काकांनाही सांगता येईना.

हसू नका, आमची कथा याहून वाईट आहे. आमचे मूळ पुरुष म्हणजे आजोबा! कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि परळच्या गिरणीत चिकटले. आजी लालबागच्या खोलीत दहा-बारा गिरणीवाल्यांना जेवू घालायची. त्यांचा वृत्तान्त कोण छापणार?

लोक म्हणतात, कागद नाहीत तर इतिहास कसला? अहो, कागद होते की! गिरणीचा पास, ईएसआयचं कार्ड, फंडाच्या पावत्या, चाळीच्या भाडेपावत्या. पत्र्याची ट्रंक भरून. २००५ साली खोली सोडताना ती ट्रंक रद्दीवाल्याला दिली. कोणी? मीच. वर घासाघीस करून पैसेही घेतले.

पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करायची वेळ आली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर माणूस गिरणीच्या पटावर होता हे दाखवायचं होतं. कशाने? त्याच कागदांनी. बाबा माझ्याकडे बघून एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून २००४ मध्ये पुस्तक केलं, म्हणून निदान शंभरेक आवाज उरले. बाकीच्यांचं काय? आपण तलवारी नि सनदा म्हणजे इतिहास समजतो आणि पगाराची चिठ्ठी म्हणजे रद्दी. ऑफिसात मी फालतू लॉग फाइलचेसुद्धा तीन बॅकअप ठेवतो. आजोबांचा एकही ठेवला नाही.

असो. तुमच्या माळ्यावर ट्रंक असेल तर या रविवारी उतरवा, एकेका कागदाचा फोटो काढा. आणि आजी असेल तर आधी तिचं माहेरचं नाव विचारा. माझी विचारायची राहून गेली.