पाद्रीबाबांची कुत्री

कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात जायला धर्मराजाने नकार दिला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि आदराने मान डोलावतो. पण प्रत्यक्षातल्या एखाद्या धर्मगुरूने कुत्र्यावर जीव लावला की आपल्याला हसू येते. जगाचा मोह सोडा म्हणणारा माणूस स्वतःच एका मुक्या जनावरात गुंतलेला! मला वाटते, या गुंतण्याच्या ज्या खुणा मागे राहिल्या आहेत त्या प्रवचनांइतक्याच जपायला हव्यात. अट एकच : जपता जपता त्या खोट्या करू नयेत.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातले कवी-पाद्री रॉबर्ट हेरिक यांच्या १६४८ साली निघालेल्या काव्यसंग्रहात ट्रेसी नावाच्या त्यांच्या स्पॅनियल कुत्र्यावर चार ओळींचा मृत्युलेख आहे. राजे, सरदार, सुंदर स्त्रिया यांच्यावरील कवितांच्या गर्दीत हा कुत्राही मानाने बसला आहे. तो गेल्याचे दुःख सांगायला पाद्रीबाबांना संकोच वाटला नाही.

त्याच डेव्हनमध्ये पुढे जॉन रसेल (१७९५–१८८३) हे पाद्री होऊन गेले. ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ मध्ये त्यांनी एका गवळ्याजवळची ट्रम्प नावाची टेरियर कुत्री पाहिली आणि तिथेच विकत घेतली. आज 'जॅक रसेल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्यांची परंपरा तिच्यापासून सांगतात. शिकारीच्या नादापायी रसेल यांनी बिशपांची नाराजी ओढवून घेतली, पण छंद सोडला नाही. ट्रम्पचे प्रसिद्ध चित्र मात्र तिच्या खरेदीनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी काढलेले आहे. म्हणजे आपण पाहतो ती कुत्री नव्हे, तिची आठवण!

आठवणीला दुसऱ्यांचा हात लागला की काय होते, हे स्वित्झर्लंडमधल्या बॅरीवरून कळते. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठाचा हा कुत्रा. बर्फात सापडलेल्या चाळीस जणांना त्याने वाचवले अशी ख्याती आहे. पॅरिसजवळच्या प्राण्यांच्या दफनभूमीतील स्मारक सांगते की एक्केचाळिसाव्याने त्याला ठार केले. वस्तुतः म्हातारपणी त्याला बर्न शहरी आणले आणि १८१४ मध्ये तो तिथे शांतपणे मेला. त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्नच्या संग्रहालयात आहे. परंतु १९२३ मध्ये ते नव्याने बांधताना नम्रपणे खाली झुकलेली त्याची मान रुबाबात वर केली गेली आणि डोक्याचा आकारही त्या काळच्या सेंट बर्नार्ड कुत्र्यांसारखा केला गेला. गळ्यातल्या मद्याच्या पिंपाची कथा तर लँडसीअर या चित्रकाराच्या १८२० च्या चित्रातून पसरली.

यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. प्रेमच होते. पण ते प्रेम स्वतःवरचे. आपल्याला नम्र कुत्रा पुरला नाही, हुतात्मा हवा होता.

आपणही थोरांची मानपत्रे आणि अध्यक्षीय भाषणे काचेच्या कपाटात ठेवतो आणि त्यांच्या घरातली साधी चिठ्ठी, जुना फोटो रद्दीत घालतो. उरलेल्या आठवणींची मान मग आपणच उंच करतो. माणूस खरा कळतो तो त्याने कुणावर निर्हेतुक माया केली यावरून. म्हणून त्या खुणा असतील तशाच राहू द्याव्यात. मान झुकलेली असेल, तर झुकलेलीच.