ट्रायपॉड न्यायचा की नाही?

दुर्गापूजेच्या दिवसांत कोलकात्याला निघालेल्या हौशी छायाचित्रकाराचा एक प्रश्न ठरलेला असतो. कॅमेरा घेतला, भिंगे घेतली, जादा बॅटरी घेतली; आता हे तीन पायांचे लोढणे बरोबर न्यायचे की नाही? घरातल्या मंडळींचा निकाल झालेला असतो. कपड्यांना जागा नाही, तिथे ही काठी कशाला, म्हणून बॅग बंद केली जाते. कॅमेऱ्याच्या दुकानदाराचे मत नेमके उलट. त्याच्या मते ट्रायपॉडशिवाय रात्रीचे फोटो निघणारच नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेअर्धे. कोणाचे अर्धे कुठे खरे ठरते, हे पाहायचे तर कोलकात्याच्या बेहाला भागासारखी जागा नाही.

क्रिकेटवेड्या वाचकांना बेहाला सौरव गांगुलीमुळे ठाऊक असेल. डायमंड हार्बर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेली ही दाट वस्ती. जोका ते तारातला अशी मेट्रो इथे डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली आणि 2024 मध्ये ती माझेरहाटपर्यंत पोचली. पूजेच्या पाच दिवसांत इथले रस्ते माणसांचे होतात. बारिशा क्लब, बेहाला नूतन दल यांसारखी मंडळे दरवर्षी एक कल्पना घेऊन अवघा मंडप त्याभोवती उभारतात. पुण्या-मुंबईत गणपतीचे देखावे पाहत आपण जशी रात्र काढतो, तशीच ही भटकंती. तिला बंगालीत ‘ठाकूर देखा’ म्हणतात. डोक्यावर पोर, हातात एगरोलचा कागद, आणि मूर्तीसमोर पोचल्यावर मिळणारी जेमतेम काही क्षणांची उसंत. फोटो काढायचा तो एवढ्यातच.

मुळात कॅमेऱ्याला तीन पाय आले ते नाइलाजाने. 1863 मध्ये भारतात आलेला सॅम्युअल बोर्न हिमालयात फोटो काढायला गेला, तेव्हा ओल्या काचांवर चित्र उमटवावे लागे आणि त्यासाठी सेकंद मोजत उभे राहावे लागे. इतका वेळ जड कॅमेरा हातात कोण धरणार? याच बोर्नच्या नावाची ‘बोर्न अँड शेफर्ड’ ही पेढी कोलकात्यात 2016 पर्यंत तग धरून होती. आपल्या दादासाहेब फाळक्यांचेही तसेच. 1912 मध्ये त्यांनी लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा होता. दांडा फिरवताना कॅमेरा हलणारच, म्हणून खाली भक्कम तिवई हवीच. पुढे 1925 मध्ये लायका हा मुठीत मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि छायाचित्रकाराचे पाय मोकळे झाले. कोलकात्यातलेच उदाहरण घ्यायचे तर निमाई घोष. 1968 पासून ते सत्यजित राय यांच्यामागे कॅमेरा घेऊन सावलीसारखे फिरले. न बदलता येणाऱ्या भिंगाचा साधा कॅननेट हा त्यांचा पहिला कॅमेरा, आणि फ्लॅशचा त्यांना तिटकारा. असेल त्या उजेडात त्यांनी टिपलेले राय आज साऱ्या जगाला ओळखीचे आहेत.

मग ट्रायपॉड कालबाह्य झाला का? थोडा हिशेब मांडू या. गणिताला घाबरू नका, ते दुधाच्या हिशेबापेक्षा सोपे आहे.

समजा, मंडपात नेहमीसारखा मंद, पिवळसर उजेड आहे. संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, 100 ठेवली आणि भिंगाचे छिद्र एफ 8 इतके बारीक केले, तर शटर साधारण 2 सेकंद उघडे ठेवावे लागेल. दोन सेकंद कोणाचा हात स्थिर राहतो? आता आयएसओ 3200 करा आणि छिद्र एफ 2.8 पर्यंत मोठे करा. त्याच उजेडात तोच फोटो सेकंदाच्या सुमारे एकशेपंचविसाव्या भागात निघेल. रोलच्या जमान्यात बहुतेक घरांत 100 नाहीतर 400 चा रोल असायचा. 3200 आजचा कॅमेरा सहज देतो. जुन्या मंडळींचा एक ठोकताळा होता: 50 मिलिमीटरचे भिंग असेल तर 1/50 सेकंदाहून मंद शटर हातात धरू नये, 200 चे असेल तर 1/200 हून. 1995 मध्ये कॅननने हाताचा कंप भिंगातच सावरणारे झूम भिंग आणले आणि या ठोकताळ्याला पहिला धक्का बसला. आता कॅमेरेही आतल्या आत कंप सावरतात. चार-पाच पायऱ्यांची सूट मिळते असे कंपन्या सांगतात. तिच्यातली निम्मी जरी पदरात पडली, तरी 1/10 सेकंदाला हात पुरतो.

इथे बरेचजण फसतात. कंप सावरणारे भिंग असो की पोलादी ट्रायपॉड, दोन्ही फक्त तुमचा हात धरून ठेवतात. समोरचे जग धरून ठेवणे त्यांना जमत नाही. चालणारी माणसे स्पष्ट हवीत तर 1/125 च्या आसपास शटर लागतेच, आणि तेवढ्या वेगाला ट्रायपॉडची गरज उरत नाही. ढाक बडवणारा ढाकी, धुनुची घेऊन नाचणारी मुले, दशमीला एकमेकींच्या गालांना सिंदूर लावणाऱ्या बायका, यांतला एकही फोटो ट्रायपॉडने सुधारणार नाही. उलट पाय पसरून त्याच्या गाठी घट्ट करेपर्यंत हसू ओसरलेले असते.

गर्दीत ट्रायपॉड उभा करणे हा तर निव्वळ आडमुठेपणा आहे. त्याचे पाय अंधारात कोणाला दिसत नाहीत. मागून रेटा आला की एखादी आजीबाई त्यात अडकून पडायची. मंडळाचे स्वयंसेवक हटकतात तेव्हा हौशी मंडळी रागावतात, पण स्वयंसेवकांचेच बरोबर असते. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. मंडपात लाकडी फळ्यांची जमीन असेल, तर शेकडो पावलांनी आणि ढाकाच्या ठोक्यांनी ती थरथरत असते. अशा जमिनीवरचा ट्रायपॉड तिच्याबरोबर थरथरतो. त्यापेक्षा माणसाचे गुडघे बरे, ते निदान थोडा धक्का गिळतात.

एवढे वाचून ट्रायपॉड माळ्यावर टाकायला निघाला असाल, तर थांबा. एका वर्षाची गोष्ट सांगायची राहिली आहे.

2020 च्या पूजेत बारिशा क्लबने जी दुर्गा बसवली, तिने साधी साडी नेसली होती आणि कडेवर उघडे मूल घेतले होते. टाळेबंदीत शेकडो मैल चालत घरी निघालेल्या मजूर बाईचे ते रूप. कल्पना रिंटू दास यांची, मूर्ती घडवली पल्लव भौमिक यांनी. पण त्याच वर्षी करोनामुळे कलकत्ता उच्च न्यायालयाने मंडपांत प्रेक्षकांना बंदी केली होती. मोठ्या मंडपापासून दहा मीटर, लहानापासून पाच मीटर अंतरावर कठडे लागले. म्हणजे त्या मूर्तीसमोर उभे राहून तिला पाहणारे थोडे, आणि देशभर ज्यांच्या डोळ्यांत ती भरली त्यांनी ती पाहिली फोटोत. त्या वर्षी फोटो हेच दर्शन होते.

एरवीही थोड्याफार फरकाने हेच घडते. महिनोन् महिने खपून कारागीर बांबू, कापड, माती, पत्रा, सुतळी यांतून मंडप उभा करतात, आणि दशमीनंतर तो उतरवला जातो. मूर्ती बहुधा पाण्यात जाते. 2021 मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले खरे, पण त्या वारशातला प्रत्येक मंडप फार तर आठ-दहा दिवसांचा पाहुणा. नंतर उरतो तो फोटो. पुढच्या कारागिराला मागच्याने सुतळीची वीण कशी घातली होती हे पाहायचे असेल, तर दाणेदार, निम्मा धूसर फोटो त्याच्या काय कामाचा? एफ 2.8 वर देवीचे डोळे स्पष्ट येतात, पण पुढे आलेला त्रिशूळ आणि मागची प्रभावळ पुसट होतात. सगळे एकाच फोटोत नीट हवे असेल तर छिद्र बारीक, आयएसओ 100 आणि ते 2 सेकंद. तिथे ट्रायपॉडला पर्याय नाही. मोबाइलचा रात्रीचा मोडही लागोपाठच्या अनेक फोटोंची बेरीज करतो. ती नीट जुळायला त्यालाही स्थिर टेकू लागतो.

फक्त त्यासाठी वेळ निवडावी लागते. रात्री अकराची गर्दी ही ट्रायपॉडची वेळ नव्हे. पहाटे, रात्रीचे लोक घरी गेले आणि सकाळचे अजून आले नाहीत, अशा घडीला मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारा. “दादा, पाच मिनिटे” एवढे बंगालीतही चालते. दादा दोन्ही भाषांत दादाच. ट्रायपॉड उभारताना मधला दांडा वर ओढू नका, खालचे पाय लांब करा. दांडा उंच केला की वारा लागून कॅमेरा डुलतो. बॅग खाली आकड्याला लटकवली की वजन येते. बटण बोटाने दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर लावा. कंप सावरणारी जुनी भिंगे ट्रायपॉडवर उगीच चाचपडतात, ती सोय तेवढ्यापुरती बंद करा. आणि फार स्वस्त, काटकुळा ट्रायपॉड घेऊच नका. तो कॅमेरा धरतो, पण स्वतःच हलतो.

बारिशाला गेलातच तर सावर्ण रायचौधुरी घराण्याची पूजा चुकवू नका. मोठ्या मंडपांपुढे ती शांत वाटेल, पण ती 1610 पासूनची सांगितली जाते. ईस्ट इंडिया कंपनीने 1698 मध्ये सुतानुटी, गोविंदपूर आणि कालिकाता या गावांचे हक्क मिळवले ते याच घराण्याकडून. जॉब चार्नॉक हा कोलकात्याचा संस्थापक नव्हे, हे 2003 मध्ये न्यायालयात मान्य झाले ते याच घराण्याच्या खटपटीतून. इतिहासाची पाठ्यपुस्तके असल्या गोष्टींना जरा उशिराच जागी होतात, असो. इथला आटचाला आणि जुने खांब टिपायला मात्र सकाळचा उजेड आणि ट्रायपॉड, दोन्ही हवेत. घरच्या पूजेत पाहुणे म्हणून जातो आहोत हे ध्यानात ठेवून आधी परवानगी घ्यावी.

राहिला संधिपूजेचा प्रश्न. अष्टमीची शेवटची 24 मिनिटे आणि नवमीची पहिली 24, एवढ्या वेळात 108 दिवे लागतात. ज्योती हलतात, माणसे वाकतात, देवी तेवढी स्थिर. इथे ट्रायपॉडला जागा नाही आणि नुसता हात अपुरा पडतो, म्हणून एक बिनखर्ची युक्ती. कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडसाठी जे भोक असते, त्यात पाव इंची स्क्रू बसवा आणि त्याला आपल्या उंचीएवढी जाड सुतळी बांधा. सुतळीचे टोक पायाखाली दाबून कॅमेरा डोळ्याशी वर ताणून धरा. कोपरे बरगड्यांशी, अर्धा श्वास सोडलेला, आणि लागोपाठ तीन फोटो. पहिला बटण दाबताना हलतो, तिसरा सोडताना, मधला बहुधा साधतो. तांदळाची छोटी पिशवी खिशात असली तर एखाद्या कट्ट्यावर कॅमेराही टेकवता येईल. दिव्यांच्या ज्योती जळून पांढऱ्या होऊ नयेत म्हणून उजेड एक पायरी कमी ठेवा, आणि फ्लॅश घरीच राहू द्या. 108 दिव्यांपुढे त्याचे काय काम?